बत्तीस बत्तीस

रोहुकुलाच्या धक्क्याला फेरीबोट बर्फात अडकते
तेव्हा समुद्राचा रस्ता होतो, पार हिउमा बेटापर्यंत,
कडेला खुणेसाठी रोवलेल्या जुनिपरच्या फांद्या.
पट्टा बांधायचा नाही, दार पटकन उघडलं पाहिजे.
पंचविसाच्या आत चालवा, नाहीतर चाळिसाच्या वर;
मधल्या वेगाला बर्फाखाली लाट उठते
आणि गाडीच्या पुढे पळते.

त्या बर्फाला कान लावायचं काम उर्वेकडे होतं,
उर्वेच्या हाताखाली मी.

भोक पाडून हायड्रोफोन खाली सोडला की
वर येतात काही मायक्रोव्होल्ट.
म्हणजे किती, विचारलं रस्ता राखणाऱ्या काल्योनं.
उर्वे म्हणाली, शेजारच्या खोलीत
कुणी मनातल्या मनात मोजत असेल
तर जेवढं ऐकू येईल, तेवढं.

मी सगळा भार एकाच ऑप-अँपवर टाकला होता.
एक चिप, दोन रोधक, हजारपट.
सोल्डर कमी, बॅटरी कमी, बिघडायला जागा कमी.
टार्टूत, बावीस अंशांच्या उबेत,
स्क्रू फिरवून रेघ शून्यावर आणलेली;
टेबलावर टिचकी मारली की पडद्यावर डोंगर.
उर्वे चहा ढवळत म्हणाली,
राईचा पर्वत एका दमात करशील रे,
पण राईत खडा असला तर त्याचाही पर्वत होईल.
मी हसलो.
माझी राई निवडलेली होती.

उणे एकोणीसला बर्फ गप्प झाला.
सरळ रेघ.
दुधाचा टँकर गेला, तरी सरळ रेघ.
किती जाड, किती भरवशाचा, वाटलं मला.
वहीत लिहिलंसुद्धा: हालचाल नाही.

उर्वेनं रेघ कशी आहे ते पाहिलंच नाही,
कुठे आहे ते पाहिलं.
पार वरच्या काठाला चिकटलेली.
थंडीनं चिपचा स्वतःचाच तोल ढळला होता,
जेमतेम दोन मिलिव्होल्ट,
ते हजारपट होऊन छताला टेकले होते.
छताला डोकं टेकलेल्याला
कितीही हाका मारा, तो आणखी उंच होत नाही.

मी वहीतली ती ओळ खोडली नाही.
अजून आहे.

मग काल्योच्या स्वयंपाकघरात, सुकवलेल्या माशांच्या वासात,
नवा बोर्ड.
पहिला टप्पा बत्तीसपट, महागाची चिप, कमी कुजबुजणारी,
कारण पहिल्या पायरीवर मिसळलेली कुजबुज
पुढे कुणालाच निवडता येत नाही,
पुढचा फक्त ती मोठ्यानं सांगतो.
मध्ये एक कपॅसिटर:
हलतं त्याला वाट देतो,
नुसतं बसून राहिलेलं अडवतो.
आणि पुन्हा बत्तीस. इथे साधी चिपही चालते.
एकटा हजार उचलणारा
हजार हर्ट्झपाशीच धापा टाकत होता;
दोघांनी वाटून घेतल्यावर वीस हजारांपर्यंत गेले,
आणि बर्फ तडकताना जे बोलतो
ते बरंचसं त्या वरच्या पट्टीतच.

माझा जुना बोर्ड मी कचऱ्यात टाकणार होतो.
उर्वेनं काढून घेतला, रोधक बदलला,
चौपट करून थर्मिस्टरला जोडला.
म्हणाली, हा बिचारा अर्धा व्होल्ट घेऊन दारात येतो,
त्याच्यासाठी दोन दारवान कशाला?
दोघे ठेवले की दोघांच्या चुका आल्या,
दोघांचं जेवण आलं,
शिवाय दोघे एकमेकांना ऐकून शिट्टी घालायला लागतात
ते वेगळंच.

रात्री काल्योच्या कानाला हेडफोन दिले.
बराच वेळ तो काही बोलला नाही.
मग विचारलं, किती पट?
बत्तीस बत्तीस एक हजार चोवीस, मी घोकल्यासारखा म्हणालो.
हजार समजले, तो म्हणाला,
वरचे चोवीस कुणासाठी?

उर्वे उत्तर देणार होती.
तेवढ्यात जो आवाज आला
तो तिघांनीही ऐकला, हेडफोन एकालाच असून,
आणि काल्यो रस्त्याचं फाटक लावायला उठला.